मंगनी आणि निकाह यांमधले दिवस

नाशिक म्हटलें कीं गोदावरीचा घाट, काळारामाचें मंदिर आणि सिंहस्थाची गर्दी एवढेंच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु मोगली अमलांत या शहराचें नांव गुलशनाबाद होतें; आणि पेशव्यांच्या राज्यांत तें पुन्हा नाशिक झालें, तरी जुन्या गांवाच्या कांहीं गल्ल्यांतून गुलशनाबादची आठवण अद्याप पुसलेली नाहीं. पिंजार घाटाजवळचा बडा दर्गा, कोकणीपुरा, बागवानपुरा, चौक मंडई, दूध बाजार हीं नांवेंच तेथील वस्तीची ओळख सांगतात. कोकणीपुरा वसविणारे मूळचे कोंकणांतले. कोंकणी मुसलमानांचा पंथ शाफी. बागवान, पिंजारी, तांबोळी, अत्तार, मणियार या दख्खनी जमाती बहुतेक हनफी. जिल्ह्याच्या उत्तरेस मालेगांवांत मोमीन विणकरांची मोठी वस्ती आहे. तिच्यांतील बरेच जण १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानांतून माग घेऊन आलेले. सरकारी गॅझेटियरचा नाशिक जिल्ह्याचा भाग १८८३ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांतहि या निरनिराळ्या जमातींची वेगवेगळी नोंद सांपडते.

हे सारे एकाच कुराणाचे अनुयायी. परंतु मुलीला मागणी कशी घालावी, आणि ती ठरल्यावर वाग्दत्त वर व वधू यांनीं एकमेकांशीं कसें वागावें, याविषयीं शास्त्र एक सांगत आलें आणि घरोघरची चाल दुसरेंच सांगत आली. सर्वसाधारण सुशिक्षित माणसाची समजूत अशी असते कीं, मुसलमानांत वराला लग्नापूर्वीं वधूचें तोंडहि पाहावयास मिळत नाहीं, आणि ही आज्ञा धर्माचीच आहे. यांपैकीं पहिली गोष्ट बऱ्याच घराण्यांत दीर्घकाळ खरी होती. दुसरी मात्र कधींच खरी नव्हती.

मराठी घरांत ज्याला वाङ्निश्चय किंवा साखरपुडा म्हणतात, त्याला अरबींत खितबा आणि उर्दूंत मंगनी म्हणतात. इस्लामी धर्मशास्त्राच्या दृष्टीनें खितबा हें केवळ वचन आहे. तो करार नव्हे. विवाहाचा करार निकाहाच्या वेळीं, साक्षीदारांसमक्ष, महर ठरवून होतो. त्यामुळें मंगनी झाली म्हणून मुलगा व मुलगी यांचें नातें तिळमात्र बदलत नाहीं. ज्या आप्ताशीं विवाह कधींच होऊं शकत नाहीं, जसा बाप, भाऊ, मामा किंवा चुलता, तो महरम. बाकी सारे पुरुष नामहरम, म्हणजे परके. मंगनी झालेला नवरदेव निकाहाच्या क्षणापर्यंत या दुसऱ्या वर्गांतच राहतो. त्यानें वधूशीं एकांतांत बसूं नये, तिला स्पर्श करूं नये, घरचें वडील माणूस जवळ असल्याखेरीज तिच्याबरोबर प्रवासाला निघूं नये. हे निर्बंध कडक आहेत आणि ते स्पष्ट शब्दांत सांगितलेले आहेत.

पण याच शास्त्रानें एक वाट मुद्दाम उघडी ठेविली होती. मुगीरा इब्न शुअबा नांवाच्या पैगंबरांच्या एका सहकाऱ्यानें मदीनेंतील अन्सार घराण्यांतल्या एका मुलीला मागणी घालण्याचें योजिलें. पैगंबरांनीं त्याला, तूं तिला पाहिलेंस काय, असें विचारलें. त्यानें नाहीं म्हणतांच त्यांनीं त्याला जाऊन पाहण्यास सांगितलें. कारण त्यानें दोघांमध्यें प्रीति टिकण्याचा संभव अधिक. मुगीरा मुलीच्या घरीं गेला व आईबापांना हा निरोप सांगितला. आईबापांना तो रुचला नाहीं असें दिसलें. एवढ्यांत पडद्याआड बसलेली मुलगीच बोलली: पैगंबरांनीं खरोखरच आज्ञा केली असेल तर या गृहस्थानें खुशाल पाहावें, केली नसेल तर मात्र तिला तें मान्य नाहीं. मुगीरानें तिला पाहिलें, विवाह झाला, आणि पुढें आपलें दोघांचें मन किती जुळलें हें तो स्वतः सांगत असे. इब्न माजाच्या हदीससंग्रहांत ही हकीकत आहे. तिच्यांत तीन माणसें तीन ठिकाणीं उभीं आहेत: संकोचलेले आईबाप, दाराशीं आलेला मागणीदार, आणि आंतून उत्तर देणारी मुलगी. पुढच्या हजार वर्षांत हिंदुस्थानांतील मुसलमान समाजानें यांतले आईबाप तेवढे लक्षांत ठेविले.

धर्मशास्त्रज्ञांनीं या परवानगीचा बारकाईनें विचार केला आहे. पाहावयाचें काय, तर बहुसंख्य पंडितांच्या मतें चेहरा आणि तळहात. मुलीला न कळत पाहिलें तर चालेल काय, यावर मतभेद झाले; इमाम मालिक यांना तें आवडत नसे, इतरांनीं त्यास मोकळीक दिली. जाबिर नांवाच्या एका सहकाऱ्यानें तर आपण जिला मागणी घालणार होतों तिला लपून पाहिलें, असें त्यानें स्वतःच सांगितल्याची नोंद आहे. पाहण्याचा अधिकार वराप्रमाणें वधूलाहि आहे, हें शास्त्रकारांनीं मान्य केलें आहे. ही गोष्ट आमच्याकडील पांढरपेशा हिंदु कुटुंबांतील मुलगी पाहण्याच्या समारंभाशीं ताडून पाहण्यासारखी आहे. तेथेंहि मुलीनें मुलगा पाहिला असें कोणी म्हणत नसे.

मंगनीच्या दिवसांचे आणखी दोन नियम हदीसांत आहेत. एकाची मागणी चालू असतां दुसऱ्यानें तीवर मागणी घालूं नये. पहिल्याला नकार मिळाला किंवा त्यानें स्वतः पाय मागें घेतला तरच दुसऱ्याचा मार्ग मोकळा. दुसरा नियम चौकशीचा. फातिमा बिन्त कैस या घटस्फोटित स्त्रीला मुआविया आणि अबू जहम या दोघांकडून मागणी आली. तिनें पैगंबरांचा सल्ला घेतला. त्यांनीं आडपडदा न ठेवतां सांगितलें कीं, मुआवियाजवळ पैसा नाहीं आणि अबू जहमच्या खांद्यावरची काठी कधीं खालीं उतरत नाहीं. तिनें उसामाशीं लग्न करावें. तिला तें प्रथम पटलें नाहीं, पण तिनें ऐकलें आणि पुढें ती सुखी झाली. एरवीं माणसाच्या पाठीमागें त्याचे दोष काढणें इस्लामांत पाप मानलें आहे. सोयरिकीच्या चौकशींत मात्र खरें सांगणें हें कर्तव्य ठरलें. काठीची ती गोष्ट दडवून ठेवणाऱ्या मध्यस्थांनीं किती मुलींचें आयुष्य नासविलें असेल, याचा हिशेब कोठेंच लिहिलेला नाहीं.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट संमतीची. खन्सा बिन्त खिदाम हिचें लग्न तिच्या बापानें तिच्या मनाविरुद्ध लावून दिलें. ती तक्रार घेऊन आली आणि पैगंबरांनीं तें लग्न रद्द केलें. कुमारिका तर लाजेनें बोलणार नाहीं, असें हजरत आयेशा यांनीं म्हटल्यावर, तिचें मौन हीच तिची संमति, असें उत्तर मिळालें. लाजाळू मुलीची अडचण दूर करावी म्हणून दिलेली ही सवलत होती. पुढें तिचाच उपयोग मुलीचें तोंड बंद ठेवण्यासाठीं झाला.

दख्खनमध्यें काय घडलें, हें समजण्यास एक चांगलें साधन आहे. आंध्रांतील एलूर येथील जाफर शरीफ यांनीं दख्खनी मुसलमानांच्या चालीरीतींचें वर्णन लिहिलें आणि मद्रास इलाख्यांतील हर्क्लॉट्स नांवाच्या शस्त्रवैद्यानें तें ‘कानून-इ-इस्लाम’ या नांवानें १८३२ सालीं लंडनमध्यें इंग्रजींत प्रसिद्ध केलें. त्यांतील मंगनीचें प्रकरण वाचतांना एक गोष्ट लक्षांत येते. विड्यांची वांटणी, साखर, फुलें, पुऱ्या, दोन्ही घरांतील देवघेव यांचें वर्णन भरपूर आहे. उंबरठा तुडविण्याचा, म्हणजे ‘दहलीज खुंदलाना’ नांवाचा एक स्वतंत्र विधि आहे. व्याह्यांच्या घरचें जाणें-येणें त्यानें मोकळें व्हावयाचें. मीठ चाखण्याचा, ‘नमक चशी’चा, आणखी एक विधि आहे. मंगनीचें सारें खाणें गोड. सोयऱ्याच्या घरच्या मिठाची सुरुवात वेगळी करावयाची. ज्याचें मीठ खावें त्याच्याशीं इमान राखावें, ही भावना मराठी माणसाला समजावून सांगावयास नको. उंबरठ्याचा शिष्टाचार ठरला, मिठाचा ठरला. मुगीराला जी एक दृष्टि मिळाली होती, तिच्यासाठीं मात्र या साऱ्या थाटांत जागा राहिली नाहीं.

मुलगी पाहण्याचें काम बायकांकडे गेलें. मुलाची आई, मावशी, आत्या जनान्यांत जात. चालणें, बोलणें, केस, शिवणकाम पाहत. त्यांच्या आधीं मश्शाता, म्हणजे सोयरिकी जुळविणारी बाई, एका वाड्यांतून दुसऱ्या वाड्यांत निरोप नेत असे. तिच्या तोंडची प्रत्येक मुलगी चंद्राचा तुकडा असावयाची आणि प्रत्येक मुलगा कमावता. जुन्या नाशिकच्या वाड्यांची ठेवण या रिवाजाला सोयीची होती. दिंडी दरवाजांतून आंत आलें कीं पुरुषांची बैठक ओट्यावर किंवा देवडींत; माजघर व परसदार बायकांचें. हिंदूंच्या आणि मुसलमानांच्या घरांत या बाबतींत फारसा फरक नव्हता; पडद्याचें कापड काय तें निराळें.

गोषा हा मुख्यतः खानदानी व खाऊनपिऊन सुखी घरांचा. बागवानाची बायको बाजारांत भाजीची पाटी लावीत असे, विणकराच्या घरांत सूत उकलणें व कांड्या भरणें हीं कामें बायकाच करीत. तेथें मुलीला सर्वांनीं पाहिलेलेंच असे. शिवाय चुलत, मावस, आते-मामेभावंडांत लग्न होण्याची चाल असल्यामुळें वधूवर पुष्कळदां एकाच अंगणांत वाढलेले असत. अशा ठिकाणीं मंगनीचा परिणाम उलटाच होई. ज्या मुलाबरोबर काल चिंचोके खेळली, त्याची चाहूल लागतांच मुलीनें आज पदर ओढून आंत पळावयाचें. धर्मशास्त्राप्रमाणें तो कालहि नामहरमच होता, आणि आजहि त्याहून अधिक परका झालेला नव्हता. पण रिवाजानें वचनालाच लाजेचें कारण केलें. मुलीनें त्याचें नांव घ्यावयाचें नाहीं, त्याच्याकडून आलेल्या ईदच्या कपड्यांकडे सर्वांसमक्ष पाहावयाचें नाहीं, सासूच्या येण्याची बातमी लागली तर खोलींत बसावयाचें. हें सारें ती आईकडून शिके आणि यालाच दीन समजे.

मग ती दृष्टि गेली कोठें? ती निकाहाच्या पलीकडे गेली. दख्खनमध्यें ‘जलवा’ आणि उत्तरेकडे ‘आरसी मुस्हफ’ नांवाचा विधि प्रसिद्ध आहे. निकाह लागल्यावर वधूवरांना जवळ बसवितात, मध्यें कुराणशरीफ व आरसा ठेवितात, डोक्यावरून एक ओढणी धरितात, आणि वर आरशांत वधूचें मुख पाहतो. बाया गाणीं म्हणतात, थट्टा करितात, नवरीनें डोळे उघडावे म्हणून नवऱ्याकडून नाना प्रकारचीं कबुलीवचनें वदवून घेतात. प्रसंग मोठा गोड आहे, यांत संशय नाहीं. परंतु या विधीला कुराणांत किंवा हदीसांत आधार नाहीं. आवडनिवड सांगण्याची वेळ टळून गेल्यावर दाखविलेलें तें मुख आहे. शास्त्रानें जें पाहणें मागणीच्या वेळीं सांगितलें, तें समाजानें करार झाल्यानंतर करविलें.

संमतीचेंहि असेंच झालें. निकाहापूर्वीं वकील दोन साक्षीदार घेऊन पडद्याशीं जातो, महराची रक्कम सांगतो, आणि कबूल आहे काय म्हणून विचारतो. आंत दहा बायांच्या मध्यें मुलगी बसलेली. एखादी मावशी तिचें डोकें खालीं लवविते, दुसरी ‘हो म्हणाली’ असें सांगते. लाहोरचे सय्यद मुमताज अली यांनीं १८९८ च्या सुमारास ‘हुकूक-उन्-निस्वां’ या पुस्तकांत असल्या संमतीवर कठोर टीका केली आणि विवाहापूर्वीं वधूवरांची एकमेकांशीं ओळख असावी असें स्पष्ट लिहिलें. त्या काळीं तें पुस्तक फार पुढें गेलेलें वाटलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं मौलाना अशरफ अली थानवी यांनीं ‘बिहिश्ती जेवर’ लिहिलें. हे गृहस्थ पडद्याचे कडवे कैवारी. तरी मंगनीचा गाजावाजा, ताटें, कर्ज काढून केलेली देवघेव यांवर त्यांनींहि तितकाच कोरडा ओढला. एक नव्या विचाराचा, एक जुन्या. दोघांनींहि रिवाज आणि धर्म यांत फरक केला. हें दुसरें पुस्तक उर्दू वाचणाऱ्या अगणित घरांत मुलीच्या लग्नांत भेट म्हणून दिलें गेलें.

वचन जड होत गेलें, त्याचा बोजा मोडलेल्या मंगनींत दिसे. मनूनें कन्या एकदांच दिली जाते असें म्हटलें आहे. हिंदु शेजाऱ्यांची ही कल्पना मुसलमान घरांतहि न बोलतां शिरली असावी. मंगनी मोडलेल्या मुलाला दुसरें स्थळ सहज मिळे, मुलीकडे मात्र बोट दाखविलें जाई. हनफी शास्त्र याबाबत रोखठोक आहे. महरापैकीं आगाऊ दिलेलें परत करावयाचें. भेट म्हणून दिलेली वस्तु शिल्लक असेल तर परत मागतां येते, खाऊनपिऊन संपली असेल तर नाहीं. १९१७ च्या सुमारास असाच वाद मुंबई उच्च न्यायालयापुढें आला. मंगनी मोडल्याबद्दल इंग्रजी पद्धतीप्रमाणें नुकसानभरपाई मिळावी काय, असा प्रश्न होता. न्यायालयानें दागिने व इतर भेटी परत मिळण्याचा हक्क मानला; त्यापलीकडे इंग्रजी धर्तीची भरपाई मुसलमानी कायद्यांत बसत नाहीं, असें ठरविलें. म्हणजे मंगनी ही सांखळी नव्हे, हें शास्त्रवचन न्यायासनावरूनहि सांगितलें गेलें.

त्यापूर्वीं १८६४ सालीं याच न्यायालयानें दिलेला एक निर्णय नाशिकसारख्या शहराला अधिक जवळचा आहे. शाफी पंथांत कुमारिकेच्या विवाहास बापाची किंवा पालकाची संमति अवश्य; हनफी पंथांत सज्ञान स्त्री स्वतःचा विवाह स्वतः करूं शकते. शाफी घराण्यांतील एका वयांत आलेल्या मुलीनें हनफी पंथ स्वीकारून बापाच्या संमतीवांचून विवाह केला, आणि न्यायालयानें तो वैध मानला. ज्या गांवांत कोकणीपुऱ्याच्या एका गल्लीला शाफी आणि पलीकडच्या गल्लीला हनफी राहतात, तेथें या निकालाचा अर्थ कोणालाहि समजण्यासारखा आहे: दोन पंथांमधलें अंतर चार पावलांचें होतें. तीं चार पावलें चालणाऱ्या मुली फार निघाल्या नाहींत, हेंहि खरें.

पुढील कायद्यांनीं वयाचा प्रश्न हातीं घेतला. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या विवाहाचें किमान वय १४ ठेविलें. १९४९ मध्यें तें १५ व १९७८ मध्यें १८ झालें. १९३७ च्या शरीयत कायद्यानें बहुतेक कौटुंबिक बाबतींत रिवाजाऐवजीं मुसलमानी कायदा लागू केला. १९३९ च्या कायद्यानें, १५ वर्षांच्या आंत बापानें लग्न लावून दिलेल्या मुलीलाहि, पतिपत्नींचा संबंध आला नसल्यास, १८ वर्षांची होण्यापूर्वीं तें नाकारण्याचा अधिकार दिला. पूर्वीं बापानें किंवा आजोबानें ठरविलेल्या लग्नाला मुलीचा हा नकार सहसा चालत नसे. खन्साच्या तक्रारीची दाद लागण्यास हिंदुस्थानांत इतकीं शतकें गेलीं.

शहरांतील घरांत ती हरवलेली दृष्टि परत आली, ती कायद्यानें नव्हे. शाळा-कॉलेजांनीं, छायाचित्रानें आणि मुलींच्या नोकरीनें आणली. मुलाचे वडील आतां मुलीच्या घरीं मुलाला घेऊन जातात. दिवाणखान्यांत दोघांना समोरासमोर बसवितात. मुलीचा भाऊ किंवा बहीण चहाचे पेले मांडण्याच्या निमित्तानें तेथेंच घुटमळते. ही बैठक इंग्रजी वळणाची आहे अशी जुन्या माणसांची कुरकुर ऐकूं येते. तिचें वळण मदीनेचें आहे. मौलवींचा खरा आक्षेप असतो तो पुढच्या गोष्टींना: मंगनी झाल्यावर एकत्र फिरावयास जाणें, अंगठी एकमेकांच्या बोटांत घालणें, रात्रीं उशिरांपर्यंत टेलिफोनवर बोलत राहणें. जरुरीपुरतें, घरच्यांना ठाऊक असतां बोलावें, आणि भेटावयाचें तर तिसरें माणूस असावें, असा त्यांचा सल्ला असतो. त्यावर कित्येक कुटुंबांनीं शोधलेली तोड अशी कीं, निकाह आधींच साधेपणानें मशिदींत उरकून घ्यावयाचा आणि मुलीची पाठवणी, म्हणजे रुखसती, शिक्षण संपल्यावर किंवा घराची सोय झाल्यावर करावयाची. मधल्या काळांत दोघें मोकळेपणानें भेटतात, बोलतात. तीं पतिपत्नीच असतात. यांत धोका एवढाच कीं, न पटल्यास मंगनी मोडणें सोपें, निकाह मोडण्यास तलाक किंवा खुला घ्यावा लागतो. म्हणून जाणतीं माणसें या सोयीचीहि घाई करीत नाहींत.

जलवा मात्र गेलेला नाहीं. वधूवरांनीं एकमेकांना वर्षभर पाहिलेलें असलें, दोघांनीं मिळून घरासाठीं पडद्याचें कापड निवडलेलें असलें, तरी निकाहाच्या संध्याकाळीं ओढणी धरली जातेच, आरसा मध्यें येतोच. मावशी विचारते, ‘काय दिसलें?’ आणि नवऱ्या मुलानें, जणूं प्रथमच पाहत आहे अशा मुद्रेनें, चंद्र दिसला म्हणून सांगावयाचें असतें.